बीगलबोनचा बूटलोडर बदलायचाय? आधी परतीची वाट चालून बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच सांगाल. शिरपूरकडे ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा कंट्रोलर तुम्ही बीगलबोन ब्लॅकवर, म्हणजे लिनक्स चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर, बनवलाय. नवं डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) एसडी कार्डवर टाकलं. बोर्ड त्यावरून उठतो, लॉगिनही मिळतं, पण यूएआरटी-४ या सिरीयल पोर्टचा ओव्हरले (तो पोर्ट चालू करणारी छोटी सेटिंग फाईल) लागत नाही. त्यामुळे आरएस-४८५ या सिरीयल जोडणीवरचा ओलाव्याचा सेन्सर गप्प आहे. सिरीयल केबलवरून लॅपटॉपवर येणाऱ्या ओळींत यू-बूटची, म्हणजे चालू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरची, आवृत्ती २०१६ सालची दिसते. कुठून तरी बूटलोडर बदलायच्या दोन ओळी मिळाल्यात, डीडी या डिस्कवर थेट बाइट लिहिणाऱ्या कमांडच्या, आणि आता विचारताय, "मारू का? बोर्ड कायमचा गेला तर?" असे सहा बोर्ड शेतांत लागलेत, हेही तुम्ही लिहिलंय.

मी जळगावला पंप आणि ठिबकचे कंट्रोलर बनवते. हा बोर्ड २०१३ साली बाजारात आला, तेव्हापासून आमच्या टेबलावर आहे. बूटलोडर बदलण्याची भीती मला माहितीये, आणि ती कुठे खरी असते, कुठे उगाच असते, हेही आता बऱ्यापैकी कळलंय.

"बोर्ड कायमचा जाईल का" याचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही जाणार. या बोर्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५एक्स चिप आहे आणि चालू होताना पहिला कोड चालतो तो चिपच्या आतल्या रॉममधला. तो कारखान्यातच कोरलेला असतो. डीडीने, चुकीच्या फाईलने किंवा लाईट गेल्याने तो पुसला जात नाही. तुम्ही जे बदलणार आहात ते त्याच्या पुढचे दोन टप्पे. एक एमएलओ, म्हणजे छोटा लोडर, आणि दुसरा खुद्द यू-बूट. दोन्ही ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच्या पक्क्या साठवणीत, साध्या डेटासारखे पडलेले असतात. ते बिघडले तरी रॉम शाबूत असतो आणि दुसरीकडून कोड मागत राहतो. तो मागतो तेव्हा त्याला द्यायला तुमच्या हातात काही आहे का, खरा प्रश्न तो आहे.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येते, कारण तुम्हाला बूटलोडर बदलायची गरज आहे की नाही ते त्यावर ठरेल.

तुम्ही म्हणताय बोर्ड कार्डवरून उठतो. माझ्या मते तो अर्धाच कार्डवरून उठतोय. बटण न दाबता बोर्ड चालू केला की रॉम आधी ईएमएमसी बघतो, मग कार्ड, मग सिरीयल, मग यूएसबी. ईएमएमसीवर तुमचं जुनं यू-बूट बसलेलंच आहे, म्हणून रॉम तेच उचलतो. ते जुनं यू-बूट मग कार्डावरचं नवं कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि नवं डेबियन सुरू करून देतं. वरवर सगळं नवं दिसतं, पण दार उघडणारा माणूस जुनाच. हल्लीच्या डेबियन इमेजमध्ये (कार्डावर टाकायच्या तयार फाईलमध्ये) ओव्हरले लावायचं काम यू-बूटकडे असतं, त्याचं सेटिंग यूएन्व्ह फाईलमध्ये लिहिलेलं असतं. २०१६ च्या यू-बूटला त्यातल्या ओळींचा अर्थच माहीत नाही. म्हणून तुम्ही ती फाईल कितीही बदला, यूएआरटी-४ लागणार नाही.

हे खात्रीने कळायला पाच मिनिटं पुरतात. कार्ड घाला, पॉवर पूर्ण काढा, कार्डाच्या खाचेजवळचं एस-२ बटण दाबून धरा आणि मग पॉवर द्या. निळे दिवे लागले की बटण सोडा. आता रॉम कार्डाला ईएमएमसीच्या आधी विचारतो. सिरीयलवर यू-बूटची नवी आवृत्ती आली आणि सेन्सर बोलायला लागला, तर निदान पक्कं झालं.

इथे एक गोष्ट बरेच जण चुकतात आणि मग "बटण खराब आहे" असं लिहितात. बटणाची स्थिती वाचली जाते ती पॉवर येताना. रीसेट दाबून ती पुन्हा वाचली जात नाही. म्हणून केबल खरोखर उपसावी लागते. आणि यूएसबीची मिनी केबल व ५ व्होल्टचा अडॅप्टर दोन्ही लावले असतील तर दोन्ही काढा.

निदान पक्कं झाल्यावर तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. कुठली घ्यायची ते बोर्ड कुठे राहणार यावर ठरतं. बोर्ड तुमच्या टेबलावरच असेल तर काहीच बदलू नका, बटण दाबून चालू करत जा. बोर्ड कायम कार्डावरच चालणार असेल आणि ईएमएमसीत ठेवण्यासारखं काही नसेल, तर ईएमएमसीचा सुरुवातीचा भाग शून्यांनी पुसून टाका. तिथे काही सापडलं नाही की रॉम आपोआप कार्डाकडे वळतो. पण हे करताना ईएमएमसीवरचं पार्टिशन टेबलही (कुठला भाग कुठून सुरू होतो ती यादी) जातं, म्हणजे आतलं जुनं डेबियन गेलंच असं धरा. तिसरी वाट म्हणजे ईएमएमसीवर नवं यू-बूट लिहिणं. तुमचे सहा बोर्ड शेतात आहेत. थ्री-फेज रात्री दोनला आली तरी आपले आपण उठले पाहिजेत, आणि उन्हातान्हात कार्डाच्या खाचेवर माझा स्वतःचा भरवसा नाही. त्यामुळे तुमच्यासाठी तिसरीच वाट योग्य वाटते. मारा, पण आज लगेच नको.

का नको, ते माझ्यावर बेतलेल्या प्रसंगावरून सांगते. चोपडा तालुक्यात एका केळीच्या बागेत आमचा कंट्रोलर होता. दुसऱ्या कामासाठी तिकडे गेलेच होते, म्हणून तिथल्या तिथे बूटलोडरही बदलून टाकला. कमांड माझ्या जुन्या वहीतली, आधी कित्येकदा चाललेली. सिरीयल केबल जळगावात राहिली होती, कार्डही जवळ नव्हतं. बोर्ड बंद करून चालू केला. पॉवरचा दिवा लागला, पण चारही निळे दिवे अंधारात. बागमालक काका थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, लाईट शे, पन मोटर चालू व्हत नही." पन्नासेक किलोमीटर परत आले, आणि त्या रात्री त्यांनी व्हॉल्व्ह हाताने फिरवले.

टेबलावर सिरीयल लावल्यावर कारण दिसलं. एमएलओची ओळ येत होती, नव्या बिल्डच्या तारखेसकट, आणि त्यापुढे काही नाही. वहीतली कमांड ३८४ केबीचे दोन ब्लॉक लिहीत होती, म्हणजे ७६८ केबी. जुनी यू-बूट फाईल तेवढ्यात मावायची. नवी त्याहून मोठी होती. डीडीने सांगितलं तेवढं लिहिलं आणि मुकाट थांबली. फाईलचा पुढचा भाग नवा, शेपटाकडे जुन्या यू-बूटचे बाइट तसेच. डीडीने कसलीही चूक दाखवली नव्हती, कारण तिच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. कार्ड घालून, बटण दाबून, पुन्हा नीट लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ती दहा मिनिटं मी चोपड्यात देऊ शकले नाही, कारण परतीची वाट मी बरोबर नेलीच नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम उलटा आहे. आधी बोर्ड मेलाय असं समजून तो उठवून दाखवायचा, मगच बूटलोडरला हात लावायचा.

तुमच्यासाठी तो क्रम असा. तुमच्याकडे सिरीयल केबल आहेच, ते बरं आहे. बोर्डावरच्या सहा पिनांच्या हेडरवर पांढरा ठिपका असलेली पिन पहिली, ती ग्राउंड. चौथीवर बोर्ड ऐकतो, पाचवीवर बोलतो. केबल ३.३ व्होल्टचीच हवी. ५ व्होल्ट सिग्नलची लावू नका, आणि सुट्या तारांची केबल असेल तर लाल तार मोकळी सोडा. वेग १,१५,२००. मग वर सांगितलं तसं बटण दाबून कार्डावरून उठवा. एकदा नाही, तीन वेळा करा, आणि तिन्ही वेळा यू-बूटची तारीख कार्डावरचीच आहे हे डोळ्यांनी बघा. हे जमलं म्हणजे ईएमएमसीवर तुम्ही काहीही केलंत तरी परत येता येतं.

याशिवाय आणखी एक दोर आहे, तोही माहीत असू द्या. कार्ड नाही आणि ईएमएमसीतही काही नाही, अशा वेळी सिरीयलवर "सीसीसीसी" अशी अक्षरं ठरावीक अंतराने उमटत राहतात. नवशिक्यांना वाटतं बोर्ड बडबडायला लागला, गेला. खरं तर रॉम तुमच्याकडे एक्समोडेमने (सिरीयलवरून फाईल पाठवायची पद्धत) फाईल मागतोय. त्याला सिरीयलवरूनच एसपीएलची, म्हणजे त्याच छोट्या लोडरची, बिन फाईल पाठवता येते. एमएलओ नव्हे, बिल्डमध्ये तिच्या शेजारीच बनणारी, हेडर नसलेली. मग तो छोटा लोडर वायमोडेम या तशाच पद्धतीने यू-बूट मागतो. मोठी फाईल जायला वेळ लागतो, पण बोर्ड उठतो. ती "सी" बघितली की मला उलट धीर येतो. चिप जिवंत असल्याची खूणच आहे ती.

आता प्रत्यक्ष लिहिणं. इथे मी कमांड जशीच्या तशी देत नाहीये, ते मुद्दाम. डीडीची ओळ कुणाची तरी चिकटवून मारायची गोष्ट नाही. तिच्यातला प्रत्येक आकडा तुमच्या बोर्डाशी ताडून तुम्ही स्वतः लिहायला हवा.

आधी ईएमएमसी कुठली ते ओळखा. कार्डावरून उठवल्यावर बहुतेक वेळा लिनक्समध्ये कार्डाचं नाव एमएमसीबीएलके-० आणि ईएमएमसीचं १ असतं, पण काही जुन्या कर्नलमध्ये कार्ड नसेल तर ईएमएमसीच ० होऊन बसते. आकड्यावर विसंबू नका. डिस्कची यादी काढा आणि कुणाच्या नावापुढे बूट-० आणि बूट-१ असे दोन छोटे भाऊ दिसतात ते बघा. ते फक्त ईएमएमसीलाच असतात, कार्डाला कधीच नसतात.

मग पहिलं पार्टिशन कुठून सुरू होतं ते बघा. याकडे फार थोडे लोक लक्ष देतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. एमएलओ १२८ केबीवर लिहिला जातो आणि यू-बूट ३८४ केबीवर. रॉम एमएलओसाठी चार जागा बघतो, अगदी सुरुवात, १२८, २५६ आणि ३८४ केबी. त्यातली १२८ ची जागा वापरायची पद्धत आहे. नव्या इमेजमध्ये पहिलं पार्टिशन ४ एमबीवर, म्हणजे ८१९२ व्या सेक्टरवर सुरू होतं. जागाच जागा. पण कित्येक जुन्या बोर्डांवर ते १ एमबीवरच, २०४८ व्या सेक्टरवर सुरू होतं. १०२४ मधून ३८४ गेले की उरले ६४० केबी. तुमची नवी यू-बूट फाईल त्याहून मोठी असेल तर तिचं शेपूट थेट फाईल सिस्टिमच्या डोक्यावर बसेल. बूटलोडर झकास चालेल आणि डेबियन सापडणार नाही. तुमचे बोर्ड २०१६ च्या सुमारास भरलेले दिसतात, म्हणून हे आधी बघाच. २०४८ निघालं तर नुसता बूटलोडर बदलण्याच्या नादी लागू नका. डेटा बाहेर काढून घ्या आणि फ्लॅशर कार्डाने (चालू केल्यावर स्वतःच ईएमएमसी भरणारं कार्ड) ईएमएमसी पूर्ण नव्याने भरा.

एमएलओच्या आकाराची काळजी करायचं कारण नाही. चिपच्या आतल्या मेमरीत त्याला जास्तीत जास्त १०९ केबी जागा मिळते, त्यामुळे तो १२८ च्या एका ब्लॉकमध्ये मावतोच. यू-बूटच्या फाईलचा आकार मात्र दर वेळी बघा आणि ब्लॉकची संख्या त्यावरून काढा. किंवा माझ्यासारखं करा, संख्या देऊच नका. फाईल संपेल तिथे डीडी थांबते. ती संख्या मर्यादा घालायला असते, पण आकार आणि पार्टिशन आधीच तपासलं असेल तर तिचं काम उरत नाही.

लिहिण्याआधी ईएमएमसीच्या पहिल्या ४ एमबीची प्रत काढून लॅपटॉपवर ठेवा. बोर्डावर नको, लॅपटॉपवर. फाईलला बोर्डाचा नंबर द्या. सहा बोर्डांच्या सहा प्रती एकाच नावाने ठेवल्या तर त्यांचा उपयोग नाही. ही प्रत त्याच बोर्डावर, पार्टिशनं तीच असताना आणि कार्डावरून उठूनच परत लिहायची. तीसुद्धा लिहिल्यानंतर लगेच. मधे ईएमएमसीवरून डेबियन चालून गेलं असेल तर फक्त बूटलोडरचा भाग परत टाका.

डीडीत स्किप आणि सीक या दोन शब्दांची गल्लत होते. स्किप वाचताना सोडायचं, सीक लिहिताना पुढे सरकायचं. लिहिताना सीक विसरलात तर एमएलओ अगदी शून्यावर जाईल आणि पार्टिशन टेबल पुसेल. गंमत वाटेल, पण बोर्ड तरीही एमएलओ चालवतो, कारण शून्य ही रॉमच्या चार जागांपैकी एक आहे. लोक मग तासभर यू-बूटमध्ये शोधत बसतात.

एमएलओ आणि यू-बूट एकाच बिल्डमधले घ्या. एक इथून, एक तिथून असं जमवू नका. दोन्ही लिहून झाले की सिंक कमांड द्या, म्हणजे मेमरीत उरलेलंही डिस्कवर उतरतं. मग जे लिहिलंय ते परत वाचून मूळ फाईलशी बाइट न् बाइट ताडून बघा. चोपड्याला मी एवढं एक केलं असतं तरी चूक तिथेच दिसली असती, कारण तोवर जुनं लिनक्स चालूच होतं आणि दुरुस्ती हातात होती.

लाईटबद्दल तुम्ही लिहिलंय, तुमच्याकडे दिवसा कधीही जाते. बोर्डाला जोडलेलं सगळं काढा आणि बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवा. मग लॅपटॉपची बॅटरीच तुमचा यूपीएस. नुसता बूटलोडर लिहायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात लाईट जाणं हा दुर्मीळ योग, आणि गेली तरी कार्ड आहेच. फ्लॅशर कार्डाने पूर्ण ईएमएमसी भरताना मात्र काही मिनिटं जातात, निळे दिवे इकडून तिकडे पळत राहतात. तेव्हा चांगला ५ व्होल्टचा अडॅप्टर यूपीएसवर लावून काम करा.

लिहून झाल्यावर पॉवर काढा, कार्डही काढा. कार्ड आत ठेवून तपासलं तर नक्की काय तपासलं ते कळणार नाही. चालू करून सिरीयलच्या पहिल्या ओळी वाचा. एमएलओची आवृत्ती आणि यू-बूटची आवृत्ती, दोन्ही नव्या आणि सारख्याच हव्यात. एन्व्हायर्नमेंटचा (यू-बूटच्या सेव्ह केलेल्या सेटिंगचा) सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, चुकला, डीफॉल्ट वापरतोय, अशी एखादी ओळ आली तर घाबरू नका. सेव्ह केलेलं काही सापडलं नाही, एवढाच तिचा अर्थ. उलट कुणी पूर्वी एन्व्हायर्नमेंट सेव्ह करून ठेवलं असेल तर जुन्या बूट कमांड नव्या यू-बूटच्या गळ्यात पडतात आणि काहीतरी विचित्र घडतं. अशा वेळी स्पेस दाबून यू-बूटला थांबवा, आधी सगळं छापून लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि मग डीफॉल्टवर आणा.

आवृत्ती जुनीच दिसत असेल तर? तुम्ही बहुधा फाईल एफएटी पार्टिशनमध्ये, साध्या फाईलसारखी, टाकलीत आणि १२८ केबीवरची जुनी प्रत तशीच राहिली. रॉम आधी त्या कच्च्या जागा बघतो.

हे सगळं बीगलबोन ब्लॅकचं. तुम्ही शेवटी रास्पबेरी पाय ४ आणि ईएसपी३२ बद्दलही विचारलंय, तिथे तत्त्व तेच, पण तपशील वेगळा. पाय ४ चा बूटलोडर बोर्डावरच्या वेगळ्या एसपीआय ईईप्रॉम या छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. तो बिघडला तर रिकव्हरीची फाईल कार्डावर टाकून चालू करायचं, काम झालं की हिरवा दिवा भराभर लुकलुकतो. मूळ ईएसपी३२ मध्ये जीपीआयओ-० ही पिन ग्राउंडकडे खेचून चालू केलं की रॉम सिरीयलवर ऐकायला लागतो. तिचा बूटलोडर फ्लॅशमधल्या ०एक्स१००० या पत्त्यावर बसतो, एस३ आणि सी३ या तिच्या पुढच्या चिपचा शून्यावर, तेवढं जपा. मात्र कुठल्याही चिपवर सिक्युअर बूटचे फ्यूज जाळलेले असतील तर माझं "कायमचा जाणार नाही" हे वाक्य तिथे लागू होत नाही. फ्यूज परत जोडता येत नाही. सही नसलेला बूटलोडर ती चिप चालवणारच नाही, आणि सहीची किल्ली हरवली असेल तर कुणीच काही करू शकणार नाही. तुमच्या साध्या बीगलबोनवर असं काही नाही.

आता शेतातले सहा बोर्ड. फोर-जीवरून घरबसल्या बदलायचा मोह होईल, कारण लॉगिन तर मिळतंच. करू नका. ॲप्लिकेशन लांबून बदला, कर्नलही जपून बदला, पण बूटलोडर बदलताना माणूस बोर्डापाशी हवा. त्याच्या खिशात दोन कार्डं हवीत, दोन्हींवरून बोर्ड उठवून बघितलेला. शक्य असेल तर एक बोर्ड आधीच भरून, रात्रभर चालवून न्या आणि पहिल्या शेतात तोच बसवा. तिथला जुना बोर्ड घरी आणून भरा, तो दुसऱ्या शेतात. असं फिरवत गेलात की एकाही शेतकऱ्याचं पाणी थांबत नाही आणि बांधावर बसून डीडी मारायची वेळच येत नाही. आम्ही आता असंच करतो.

तुम्ही आज एवढंच करा. एका बोर्डाचं पहिलं पार्टिशन कितव्या सेक्टरवर सुरू होतं ते बघा, आणि बटण दाबून उठवल्यावर सिरीयलवर येणाऱ्या पहिल्या दहा ओळी उतरवून पाठवा. २०४८ की ८१९२, ते कळलं की पुढची कमांड आपण दोघं मिळून लिहू.